अकरा मिनिटं

लिएजहून निघालेलं विनंतीपत्र
चौदा महिन्यांनी मुंडूला पोचलं.
पाच शिक्के, एक कॉफीचा डाग,
आणि वाटभर तीच फ्रेंच,
कुठे म्हणून अडली नाही.

अडली ती शेवटच्या चार हातांवर.
रेमाजीला फ्रेंच येत नव्हती.

दुभाषा नेलूम्ता म्हणाला,
न्यायाधीशबाई विचारताहेत:
त्या रात्री ट्रकमध्ये किती जण होते?

ती बोटं मोजू लागली.
मग मोजणं सोडून नावं घेऊ लागली,
एकेकाला आत यायला
वाट करून दिल्यासारखी.

नवव्या नावानंतर गप्प.

पंखा. बाहेर कुणी ज्वारी कांडत होतं.
पडद्यावर, दूर तिकडे,
डेल्विन्यबाईंनी चष्मा काढून ठेवला.

कारकुनाने हळूच विचारलं, हे काय लिहू?
संहितेत याला शब्द नाही.
आमच्या नाही, त्यांच्याही नाही.

वेळ लिही, नेलूम्ता म्हणाला.

लिहिलं: अकरा मिनिटं.

पावसाळ्याआधी उलट टपाली
एवढंच आलं:
नावं आम्ही बरोबर लिहिलीत ना?

रेमाजीला अक्षरओळख नाही.
तिने ती वाचून घेतली.
दोनदा.