समोरासमोर

लोहीच्या फाट्यावर बाबाच्या दुकानात
दोन आरसे आहेत, एक पुढे, एक पाठीमागे.
मागच्याचा कोपरा उडालेला,
त्यावर खताच्या कंपनीचं कॅलेंडर.
लहानपणी खुर्चीवर चढून मी मोजायची
माझ्यात मी, त्या मीत मी...
अकरावीपाशी हिरवट व्हायची
आणि हरवायची.

आता माझी नोकरीही आरशांचीच.
तांब्याचे, वर नायोबियमची साय,
मधे दोन बोटांची फट,
आणि हवेचाही बर्फ व्हावा अशी थंडी.
त्या फटीत आम्ही प्रकाशाचा कण कोंडतो.
एक. सुटा.
डोळ्यांना दिसणारा नव्हे, मोबाइल टॉवरच्या जातीचा.
सेकंदाचा आठवा हिस्सा जगतो,
तेवढ्यात इकडून तिकडे आपटत
पृथ्वीच्या वेढ्याएवढं चालून होतं त्याचं,
कुठेही न जाता.

वस्तऱ्यात नवं पातं घालत बाबा म्हणाला,
"पाह्यलं का मरते म्हंतं तू,
मंग हाय का नाही, समजते कसं?"

त्याच्याकडे पाहतच नाही आम्ही.
फटीतून एकेक अणू धाडतो.
समज, अणूच्या मनगटावर घड्याळ आहे.
आत कोणी असलं तर ते चुकतं,
त्याला न खाता, न विझवता.

"मतलब, झिंगरूले चहा आणाले धाडलं,
उशिरा आला, त समजाचं
रस्त्यात कोणीतरी भेटलं."

मार्गदर्शकांनी चार वर्षं घेतली होती
मला हेच समजवायला.

पण 'हाय' आणि 'नाही' एकदमच खरं असू शकतं
म्हटल्यावर बाबाचा हात थांबला.
गिऱ्हाइकाच्या एका गालावर फेस, एक साफ.
"असं?"
असं नाही बाबा. अर्धं-अर्धं नाही.
मग कसं, ते मला मराठीत येत नाही,
खरं तर कशातच येत नाही,
फक्त गणितात येतं.

लाइन गेली. कूलर घरघरून गप्प झाला.
गिऱ्हाईक रुमालानं वारा घेत म्हणालं,
"मंग मरते तवा कसं मरते थो?"

अणू एकामागून एक बाहेर पडतात:
आहे. आहे. आहे. आहे. आहे.
नाही.
मधे मंद होणं नाही, मिणमिणणं नाही.

बाबा बराच वेळ काही बोलला नाही.
"उकंडराव," मग म्हणाला,
"सत्तावीस वर्सं बुधवारी आले.
बुधवारी आले. बुधवारी आले."
आणि रिकाम्या खुर्चीवरचं फडकं झटकून
पुन्हा तिथंच घातलं.