चवथ होऊन जाऊ दे

फ्लॉयड म्हणाला, हा आता मेलाच म्हणून धर.
कंपनीनं कधीचे हात वर केलेत,
नवा प्रिंटरसुद्धा ह्याला ओळख देत नाही.
मी म्हटलं, चवथ होऊन जाऊ दे.
तीन चवथी मी त्याला हेच सांगते आहे.

दुकान डिचोलीत, बसस्टँडमागच्या गल्लीत.
वर पत्रा, खाली मी,
टेबलाखाली खोकणारा हा डबा.
त्याच्या पाठीत परवान्याची चावी खोचलेली, अंगठ्याएवढी,
ती नसली तर मराठी उमटत नाही.
दोन हजार चारात घेतली, कानातली मोडून.
अजून रोज रात्री काढून घरी नेते,
पर्समध्ये, सुट्या पैशांच्या कप्प्यात.

जागा व्हायला त्याला अकरा मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी झाडून घेते, उदबत्ती लावते,
कोपऱ्यावरून दोन उंडे आणते.
मग पडद्यावर ती हिरवी टेकडी येते,
वर निळं आभाळ, जरा जास्तच निळं.
आमच्या डिचोलीच्या टेकड्या
ट्रकांत बसून नदीवर गेल्या,
बार्जांत बसून समुद्राकडे.
ही एक राहिली.
हिची लीज कुणी मागितली नाही.

फ्लॉयडनं एकदा माझी एक फाईल
आपल्या लॅपटॉपवर उघडून दाखवली.
कैलासवासी सत्यवती यशवंत गावस.
बाईंच्या जागी पौंडाचं चिन्ह,
दोन टोपीवाले ई, एक उलटं प्रश्नचिन्ह.
"हें कितें गो? पोर्तुगीज?" म्हणून तो हसला.
मला हसू आलं नाही.
त्यांच्या बाराव्याचं पत्र मीच केलं होतं.
मुलगा दारात छत्री मिटून उभा,
एकेक नाव सांगत होता
आणि प्रत्येक नावानंतर थांबत होता.

अठरा वर्षांचं सगळं ह्यात आहे.
मयेच्या, नार्व्याच्या लग्नपत्रिका,
(त्यातली काही लग्नं मोडली, पत्रिका धड आहेत)
नाटकांची हँडबिलं, ग्रामसभेच्या नोटिसा,
हरवलेल्या म्हशीची एक जाहिरात,
म्हैस सापडल्यावर आभाराची दुसरी.

फ्लॉयड खोटं बोलत नाही.
एक व्हायरस पुरे, म्हैससुद्धा उरणार नाही.
आणि नव्यावर जोडाक्षरं आपोआप जुळतात,
आर्धा र कुठे बसवू विचारावं लागत नाही.
पण माझी करंगळी
अजून ळ आणायला जुन्याच घरी जाते.

शेवटी ह्या वर्षी चवथीआधीच घेतला नवा.
जुन्याची इंटरनेटची वायर काढून टाकली,
घरातल्या म्हाताऱ्याला बाहेरचं काही सांगू नये, तसं.
दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा
दोघांना शेजारी मांडते,
ह्यातलं वाचते, त्यात पुन्हा लिहिते.
दिवसाला चार कागद, वीज गेली तर दोन.
फ्लॉयड म्हणतो, तुला पिसं लागलंय.
एकूण किती होतील ते मी मोजलं नाही.

काल गावसबाईंपाशी पोचले.
शोकाकुल म्हणून मुलगे चार,
खाली सुना. वाचताना बोट अडलं.
सुना तीनच.
आठवलं, चौथ्या नावापाशी
तो जास्तच वेळ थांबला होता,
बाहेर दुधाचा टेम्पो मागे घेत होते,
मला वाटलं, संपलं.
मी लिहिलं, आणि समस्त गावस परिवार,
आणि छापलं, आणि दोनशे प्रती गेल्या,
आणि परत येऊन कुणी काही बोललं नाही.

नाव मला माहीत नाही.
नव्या कागदावर तिसऱ्या सुनेपुढे
स्वल्पविराम देऊन जागा सोडली आहे.
काटकुळी काळी रेघ तिथे उघडझाप करते आहे.
मुलाचा नंबर जुन्या वहीत असेल.
लावून बघीन.
चवथ होऊन जाऊ दे.