कानावरची खूण

विरिहौरे तळ्याच्या काठाला रस्ता जात नाही.
तार नाही, टॉवर नाही.
बर्चची झाडंसुद्धा चढून चढून जिथे दमतात
त्याच्याही वर आम्ही एक खांब रोवला.
खांबावर पेटी, पेटीवर उन्हाचं ताट,
आणि हेलिकॉप्टरच्या पोटात तिची जुळी बहीण.
मंगळवारी, शुक्रवारी, धुकं नसलं तर,
बहीण डोक्यावरून जाते.
तेवढ्या दीड मिनिटात
काय द्यायचं ते द्या, घ्यायचं ते घ्या.

रिस्टिन बघत होती. हातात चाकू.
जुलै महिना, रात्री अकराचं ऊन,
रेनडिअरच्या पाडसांचे कान कापायचे दिवस.
"माझं पत्र यातून जाईल?"
"अख्खं नाही. तुकडे करून.
प्रत्येक तुकड्यावर लिहायचं: कुठून, कुठे,
एकूण किती, त्यातला हा कितवा.
मग सुटे सोडायचे. कुणी कुठल्याही वाटेनं जावं.
मधली पेटी फक्त पत्ता वाचते,
आतलं वाचत नाही, पुढे ढकलते."

वाटलं, हेही तिच्या डोक्यावरून गेलं.

तिनं एक पाडस गुडघ्यांत दाबलं.
डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याचं टोक तिरपं.
"खाचा आईच्या. तिरपा काप माझा.
शरदात सगळ्यांचे कळप एक होतात,
नुसता शिंगांचा आणि चिखलाचा गोंधळ.
तेव्हा कुंपणाच्या तोंडाशी उभं राहून
कान तेवढे वाचायचे. रंग, वय, कोण बघतं?
कान वाचला की दार उघडायचं:
हे निल्लासचं, हे पलीकडच्या दरीतलं, हे घरचं.
तू खांबावर तेच बांधलंयस ना?"

हो, म्हणालो.
तेवढं शिकायला मला पाच वर्षं लागली होती
आणि एक कर्ज, जे अजून फिटलेलं नाही.

"आणि वाटेत एखादं हरवलं तर?"
"पलीकडची पेटी मोजते. तिसरा आला, पाचवा आला,
चौथा नाही. मग उलटा निरोप: चौथा पुन्हा धाडा.
पोच मिळेपर्यंत इकडची पेटी
आपली प्रत टाकत नाही."
ती हसली. "मोजते?
आमच्यात 'तुझी किती' असं विचारत नाहीत.
ते दुसऱ्याच्या पाकिटात डोकावणं झालं."
मग, कान पुसत, माझ्याकडे न बघता:
"आणि ज्याची पोच कधीच येत नाही तो?"
"प्रत्येकावर एक आकडा असतो.
दर मुक्कामाला एकानं उतरतो.
शून्य झाला की तिथेच सोडून देतात.
नाहीतर हरवलेलेच फिरत राहतील,
वाटा त्यांनीच भरतील."

ती काही बोलली नाही.
पत्र भावाला होतं. बिएरा, येल्लिवारेच्या खाणीत.
कळप सोडून गेला त्याला सहा हिवाळे झाले.

नऊ दिवस धुकं.
मी तंबूत बसून नोंदी वाचत होतो,
म्हणजे पाठीवरचे पत्ते, पोटातलं काही नाही:
पाचपैकी चार पोचले. चौथा नाही.
चौथा पुन्हा. नाही. पुन्हा.
चौथ्यात काय लिहिलंय,
हे पेटीला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.
तरी दोघंही तोच धाडत राहिलो.

शुक्रवारी पोच आली. धावत जाऊन सांगितलं.
आणि सांगता सांगता जीभ अडखळली,
कारण पोच म्हणजे पोचलं एवढंच;
वाचलं असं नव्हे.
"माहीत आहे," ती म्हणाली.
"कान ओळखला म्हणजे जनावर
हाताला लागलं असं थोडंच असतं."

सप्टेंबरात, मी खांबाचे बोल्ट आवळत असताना,
उलट्या दिशेनं काहीतरी उतरलं.
एकूण एक, त्यातला पहिला.
इतकं लहान, की तुकडे करावे लागले नव्हते.
पत्ता वाचला आणि पुढे ढकललं.

तिनं वाचलं. यंत्र खिशात टाकलं.
मग म्हणाली, खांबाला कुंपण घाल,
नर शिंगं घासायला लागलेत.