बरोब्बर बारा

डुलुथच्या टपाल कार्यालयातलं हजेरीचं घड्याळ
तासाचे साठ नाही, शंभर तुकडे करतं.
साडेसात म्हणजे सात पूर्णांक पन्नास.
बावीस वर्षं झाली; आयलीन कोस्की अजूनही
अंडी उकडायला ठेवताना
मनातल्या मनात भागाकार करते.

करारात दोन आकडे आहेत :
दिवसाला बारा, आठवड्याला साठ.
त्यापुढे कुणाच्या खांद्यावर पिशवी द्यायची नाही.
आपल्याकडे बारा वाजले की माणूस संपतो,
साठी आली की बुद्धी नाठी होते.
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं,
तरी नेमके तेच दोन आकडे टाइप करून
खाली सह्या केल्यात.

युनियनची खोली बॉयलरच्या मागे.
एक टेबल, एक हीटर (बॉयलरमागे असून),
आणि एक लॅपटॉप.
सॉफ्टवेअर ऑर्विल थिबोचं.
गुडघे गेले, निवृत्ती आली,
त्या हिवाळ्यात पाय खुर्चीवर टाकून त्यानं ते लिहिलं.
आधी हे काम पट्टी आणि पेन्सिलनं चालायचं,
ओळीखाली ओळ,
आणि तक्रारीची चौदा दिवसांची मुदत
बेरजा करतानाच निघून जायची.
आता आयलीन हजेरी ओतते, कळ दाबते
आणि स्क्रीनला गोवर उठावा तसे
लाल चौकोन फुटत जातात.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा : सत्तेचाळीस.
डॅरिया लुंडीन, बारा पूर्णांक एक्केचाळीस.
तीच, गुरुवारी, तेरा पूर्णांक शून्य आठ.
बर्ट ओजिबे, आठवड्याचे चौसष्ट.

सॉफ्टवेअरला चढ कळत नाही.
सरोवराकडून वर येणारे रस्ते,
बुटाखाली बांधलेले खिळे,
कपाळावरच्या दिव्यात पत्ता वाचताना
हातमोजा दातांनी ओढून काढणं,
आणि रात्री साडेआठला दार उघडून
"आज इतक्या उशिरा?" विचारणारी म्हातारी,
जिला खरं उत्तर द्यायला
तेवढाच आणखी उशीर होईल.
त्याला कळतं एवढंच : जास्त आहे की नाही.

नेंग मुआच्या ओळीत लाल नव्हतं.
सोमवार बारा पूर्णांक शून्य शून्य.
मंगळवार बारा पूर्णांक शून्य शून्य.
बुधवार. गुरुवार. तेच.
यंत्र गप्प.
आयलीनचं बोट तिथं थांबलं.
बावीस वर्षांत एकही गल्ली
तिच्या पायाखाली शून्य शून्यावर संपली नव्हती.

पार्किंगमध्ये तिनं त्याला गाठलं.
तो काचेवरचा बर्फ खरवडत होता, खरवडतच राहिला.
"बाराला कार्ड मारून जा म्हणाले.
उरलेला गठ्ठा मग टाकायचा."
मग थोडं थांबून,
"माझं नाव नको. नुकताच कायम झालोय."
ती म्हणाली, बरं.
तिला अजून काही म्हणायचं होतं,
पण गाडी सुरू झाली होती.

त्या रात्री तिनं ऑर्विलला फोन केला.
"एक रंग वाढव. पिवळा.
जे जास्त आहे त्यासाठी नाही,
जे फार बरोबर आहे त्यासाठी."
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
"मीही मारायचो तसं कार्ड," ऑर्विल म्हणाला,
"ब्याऐंशी साली."

मार्चभर पिवळे चौकोन येत राहिले,
नेंगचे, आणि आणखी तिघांचे,
ज्यांच्याबद्दल तिला शंकाही नव्हती.
नावं तिनं कुठंच लिहिली नाहीत.
फक्त छापील कागद टेबलावर पडू दिला,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

एप्रिलच्या एका बुधवारी, सरोवरावरचा बर्फ तडकत असताना,
नेंगच्या ओळीत
बारा पूर्णांक शून्य पाच.
तीन मिनिटं.
आयलीननं तो लाल चौकोन दोनदा तपासला,
चष्मा पुसला,
आणि तक्रारीच्या कोऱ्या फॉर्मवर
पहिल्यांदाच त्याचं नाव लिहिलं,
पेननं.