रकाना अकरावा

फोंड्याच्या मामलेदार कचेरीसमोर
झेरॉक्सवाल्याच्या पडवीत माझं मशीन.
त्याची 'क्ष'ची कळ दोन वर्षं उठत नाही.
'ईश्वरसाक्ष खरे सांगतो की' टाइप करताना
मी जागा सोडते,
नंतर पेनाने क्ष भरते.
पानाला तीस रुपये. क्षचे वेगळे घेत नाही.

फॉर्म एर्मेलिंडाने आणला.
ती शेजारी स्टॅम्प विकते; कुणीतरी तिच्या टेबलावर विसरून गेलेला.
मठाच्या न्यासाचा अभ्यासक्रम, पोस्टाने शिकायचा कायदा.
तीन वर्षं, फी हप्त्याने,
पहिला पेपर धर्म आणि न्याय,
करार थेट दुसऱ्या वर्षी.
"तुला अर्धा येतोच," ती म्हणाली,
"सावईकर वकिलाच्या चुका कोण सुधारतं गो?"

सुधारते मी. तो 'कब्जा' लिहितो तिथे 'वहिवाट' करते.
त्याला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत:
सदर पदवीने वकिलीची सनद मिळणार नाही.
म्हणजे भट्टी पेटवायला शिकवणार,
पीठ मळायला शिकवणार,
पण पाव विकायचा नाही, पोदेर म्हणवून घ्यायचं नाही.

आणि ज्या न्यासाची मोहोर या फॉर्मवर
त्याच्याच भाटात आमचं घर.
सोयरू गावडे, मुंडकार, विरुद्ध तोच न्यास.
तीनशे चौरस मीटर, दोन माड, विहिरीचा अर्धा काठ.
सतरा वर्षं तारखा.
प्रत्येक तारखेला बाबा आधी मठात जायचे,
प्रतिवादीपुढे नारळ ठेवायचे,
आणि मग इथे येऊन त्याच्याविरुद्ध उभे राहायचे.
मी एकदा हसले, तर म्हणाले,
"देव वेगळो, विश्वस्त वेगळे."
आणि शेंडीला धरून उरलेला नारळ माझ्या हातात दिला.

बाबा गेले. तारीख आहे. पुढची तेवीसला.
वारस म्हणून आता माझं नाव पुकारतात
आणि मी सावईकराच्या पाठीकडे बघत उभी राहते.

स्वतःच्या दाव्यात स्वतः बोलायला
सनद लागत नाही.
हे कोर्टाचं वाक्य मीच टाइप केलंय,
सावर्ड्याच्या एका म्हातारीसाठी, दोन प्रतींत,
आणि कार्बन काढून टाकताना विसरलेय.

नाव, वय, शिक्षण, सगळं भरून झालं.
उरला रकाना अकरावा:
अर्जदाराची श्रद्धा, दोनशे शब्दांत.
हजारो माणसांचा ईश्वर या बोटांतून गेला,
जमिनीपुरता, भावाविरुद्ध, कधी सरळ खोटा.
माझ्यापाशी आला की पहिल्याच ओळीत नारळ येतो.
दोनशे शब्द कुठून आणू?
न्यासाला ते वाचून काय कळेल,
की कोण शिकायला येतंय, आणि कुणाविरुद्ध?

एर्मेलिंडा म्हणते, खोटं लिही, वाचतं कोण.
पण मी खोट्याचं टायपिंग करते,
खोटं माझं नसतं.

दुपारी साहेब जेवायला गेले, तेव्हा
फॉर्म मशीनला लावला.
दोनशेतले तीन शब्द झाले:
देव सा    आहे.
मधली जागा सोडलीय.
पेन एर्मेलिंडाकडे,
आणि ती मासळी बाजारात गेलीय.