बिऱ्हाड

मिंडेलोच्या मासळीबाजारामागे
आमचा दोन खोल्यांचा दवाखाना.
न्यो जोझा कुत्रीला कडेवर घेऊन आला.
चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनात काळे झालेले हात,
ते धुऊन गोरे होत नाहीत.
"उंबऱ्यावर थेंब पडतात," म्हणाला,
आणि पुढचं सांगायला लाजला.

कुत्रीचं नाव बोनान्सा,
म्हणजे वादळ ओसरल्यावरचा समुद्र.
शेपटीखाली फुलकोबीसारखी गाठ,
बोट लागलं की रक्त.
"ओळखली मी," डॉक्टर झुलैका म्हणाल्या,
"पण नुसत्या ओळखीवर सुई टोचत नाही."

दोन नळ्या भरल्या मी:
एकीत पायातलं रक्त,
दुसरीत गाठीचा कण.
दुपारी वीज गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून.
मध्यरात्री निळ्या उजेडात
गाठीच्या रकान्यात एक पट्टी उमटली,
रक्ताच्या रकान्यात त्याच जागी
काहीच नाही.

"ही गाठ तिची नाही," मी सकाळी सांगितलं.
"तिच्याच अंगावर आहे की!"
"अंगावर आहे, पण पेशी दुसऱ्याच कुत्र्याच्या.
हजारो वर्षांपूर्वी, कुठेतरी लांब,
एक कुत्रं मेलं
आणि त्याची गाठ मरायची राहिली.
संगात, हुंगण्यात, चाटण्यात
अंगाअंगावर बिऱ्हाड हलवत आली.
तिच्या जनुकांत एक तुकडा भलतीकडेच घुसलेला आहे.
तोच दिसला मला रात्री."

म्हातारा बंदराकडे बघत राहिला.
"म्हणजे तेही जहाजानंच आलं असणार.
तिकिटाशिवाय."
मला हसू आलं. त्याला नाही.
"नाव काय त्याचं?"
"कुणाचं?"
"त्या पहिल्याचं."

अहवालात तसा रकाना नव्हता.

दर आठवड्याला एक सुई.
टोचताना तो बोनान्साच्या कानात
खलाशांची एक शिवी पुटपुटायचा,
तिला नव्हे, त्या दुसऱ्याला,
आणि शिवी तरी किती मायेची!
तिसऱ्या खेपेला गाठ हरभऱ्याएवढी.
पाचव्या खेपेला मी बोट फिरवलं, काही लागेना.

न्यो जोझानं टोपी काढली.
"गेलं?"
"हिच्यातून गेलं."

कागदात गुंडाळलेले दोन बांगडे टेबलावर ठेवून
तो बाहेर पडला. बोनान्सा स्वतःच्या पायांनी, पुढे.
बाजाराच्या पायऱ्यांवर
तीन भटकी कुत्री आतड्यांवरून भांडत होती.
चौथं बाजूला बसून, मान वळवून,
स्वतःला चाटत होतं.
कितीतरी वेळ.

मी हातमोजे शोधले.