सहा किंवा नऊ

जुन्या बाजारात, रविवारी,
नळाच्या तोट्या आणि बंद पडलेले मिक्सर यांच्या मधोमध
तो पडला होता. पत्र्याचा इंग्रजी आकडा,
हातभर उंच, पांढऱ्या रंगाचे पोपडे,
वर एक भोक, खाली एक भोक.
विकणारा म्हणाला, "सहा आहे."
मी म्हटलं, "किंवा नऊ."
तो म्हणाला, "मग दोन्हीचे पैसे द्या."

घासाघीस केली, पण दिले.

हा आकडा टांगणारा वाघमोडे मी पाहिलेला.
नेहरू स्टेडियमच्या धावफलकामागे, शिडीवर, विझलेली बिडी तोंडात.
नवांचा कायम तुटवडा. मग सहा उलटा लावायचा,
आणि कधी सुलटा करायचा विसरायचा.
एकदा आपला सलामीवाला त्रेसष्टवर
आणि फलकावर त्र्याण्णव.
अर्धं स्टेडियम शतकासाठी उठून उभं.
अर्धं म्हणजे चाळीसेक माणसं, रणजीला अजून किती येणार?
शेजारी दस्तूर. कँपातून सायकलवर यायचे,
मांडीवर लांबट वही, कानावर पेन्सिल.
वहीतून मान वर न करता म्हणाले,
"तीस रन वाघमोडेचे. ते कुठे मांडू?"

टेलिफोन खात्यात मी रात्रपाळ्या मागून घ्यायचे,
डिसेंबरातल्या त्या चार-चार दिवसांसाठी.
घरी सांगायचे, ओव्हरटाइम आहे.
खोटं कुठे होतं?
कानांत अजून ट्रंक कॉलची खरखर,
आणि समोर इतकं गवत.
सिमेंटच्या पायऱ्या सकाळी गार, अकराला कोमट,
दुपारी दोनला उठून उभं राहावं अशा.
चहापानाच्या सुमारास पलीकडे पेशवे पार्कात
वाघ एकदा खाकरायचा.
पाहुण्या संघाचा फलंदाज स्टान्स सोडून मागे व्हायचा,
आणि आम्ही, जणू तो आमचाच बारावा गडी,
टाळ्या वाजवायचो.

आता सगळं गोड सांगत बसले तर दस्तूर चिडतील.
बायकांसाठी एकच मोरी होती, तिला कडी नव्हती.
मी दिवसभर पाणी प्यायचे नाही.
सात वर्षं मी त्या स्टँडमधली एकटी बाई,
आणि सात वर्षं मागून कोणी ना कोणी विचारलंच,
"मॅडम, कोणाबरोबर आलात?"
सामन्याबरोबर, असं उत्तर मला फार उशिरा सुचलं.

भाच्यानं गहुंज्याला नेलं होतं मागे.
खुर्च्या निळ्या, मोऱ्या स्वच्छ, कड्या घट्ट. खरंच बरं वाटलं.
पण चेंडू टाकला की सगळे पडद्याकडे बघतात,
मीही पडद्याकडे बघत होते.
झेल सुटला, तो चार कोनांतून चार वेळा सुटला.
वाद घालायला काही उरलंच नाही.
परतताना भाचा म्हणाला, "मावशी, गप्प का?"
काय सांगू? गळा एकदाही बसला नाही रे.

स्वारगेटला काही काम निघालं की
अजून फाटकाच्या गजांतून डोकावते.
कुणाची तरी मुलं नेटमध्ये असतात,
फटका बसतो तेव्हा आवाज आधीसारखाच कोरडा, लाकडी.
तिसऱ्या पायरीवर कुत्रं झोपलेलं असतं, बरोबर आमच्या जागी.
उठवत नाही.

दस्तूर गेले तेव्हा त्यांच्या रोशननं वह्या मला दिल्या.
बाकी कोण घेणार?
त्या दिवसाचं पान शोधलं. बाईज, लेगबाईज, नोबॉल,
आणि खाली बारीक, टोकदार पेन्सिलीनं:
वाघमोडे, ३०.
बेरजेत धरलेले नाहीत. खोडलेलेही नाहीत.

आकडा मी दारावर लावलाय. फ्लॅट नंबर सहा.
पण वरचा खिळा भिंतीत टिकत नाही,
निसटला की सहा झुलत खाली येतो आणि नऊ होतो,
मग नऊमधल्या गद्रेंचं कुरिअर माझ्याकडे.
मी सही करते, वरच्या मजल्यावर नेऊन देते.
गद्रे म्हणतात, अहो, एकदा सुतार बोलवा.

बोलवते म्हणाले आहे.